अल्टरनेटर कोरडा होता

डेपोत त्यांना कोरडेमास्तर म्हणत. हे त्यांचे आडनाव नव्हते, आणि मास्तरकी त्यांनी आयुष्यात एक दिवसही केली नव्हती. गाडीचा कोणताही भाग हातात आला, की दुरुस्तीचा विचार करण्याआधी ते त्यावरून उजव्या हाताची तर्जनी फिरवत, बोट उजेडात धरून पाहत आणि समोरच्याला विचारत, "कोरडं आहे का?" तीस वर्षे विजेच्या कामात घालवलेल्या माणसाने असे विचारणे गैर नव्हते. वायर, ब्रश, बॅटरीची टोके यांना ओल लागली की पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. त्यांच्या स्वभावाबद्दलही लोक हाच शब्द वापरत. पण तो त्यांच्या पाठीमागे, चहाच्या टेबलाशी.

आरोग्य खात्याच्या गाड्या दुरुस्त करणारा हा डेपो म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिच्या जमिनीवर मधोमध एक पिवळी रेघ होती. रेघेच्या डावीकडे विद्युत विभाग, उजवीकडे यांत्रिक विभाग. वायर डावीकडची, तेल उजवीकडचे. डावीकडच्या माणसाने उजवीकडच्या नट-बोल्टाला हात लावायचा नाही, आणि उजवीकडच्याने डावीकडचा साधा बल्बही बदलायचा नाही. एका विभागाला दुसऱ्याच्या कामात दोष दिसला, तर 'दोष-नोंद पत्रक' तीन प्रतींत भरायचे, आवक-जावक कारकुनाचा शिक्का घ्यायचा आणि वाट पाहायची. गाडीला स्वतःचे असे दोन तुकडे पडल्याची कल्पना नसते, ही या व्यवस्थेतली एकमेव अडचण होती, आणि ती कोणाही वरिष्ठाच्या ध्यानात आली नव्हती.

विद्युत विभागाचे प्रमुख कोरडेमास्तर. यांत्रिक विभागाचा प्रमुख त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. आणि हे दोघे गेली नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी आवारात उभ्या असलेल्या एका जीपने पेट घेतला होता. जीवितहानी झाली नाही. एक डॅशबोर्ड आणि एक सीट जळाले. तरीही चौकशी बसली. धाकटा तेव्हा नुकताच प्रमुख झाला होता, आणि चौकशी अधिकाऱ्याने त्याचे मत लेखी मागितले. त्याने लिहिले, 'वायरच्या जोडावरील टेप सुटल्याने ठिणगी पडली असावी.' तो जोड मास्तरांच्या हातचा होता. त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एक ताशेरा आला. एकवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला, आणि तोही पाठच्या भावाच्या हस्ताक्षरावरून. त्या दिवशी डबा न खाताच मास्तर घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून धाकट्याकडे त्यांनी पाहिले नाही. पिवळी रेघ त्याच चौकशीच्या शिफारशीवरून मारली गेली. मास्तरांना ती सोयीची वाटली. अबोल्याला सरकारी रंग मिळाला.

या दोघांच्या वर एक बहीण होती. अक्का. आई गेली तेव्हा अक्का सतरा वर्षांची होती, मास्तर नऊ वर्षांचे, धाकटा पाच. तिने लग्न केले नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, आणि अठ्ठावीस वर्षे कानाला हेडफोन लावून परक्यांच्या लाइनी जोडत राहिली. दोन्ही भावांच्या शाळा, शिक्षण, लग्ने तिने त्याच खुर्चीत बसून पार पाडली. तिला शेकडो नंबर पाठ होते, आणि ते सांगायची तिची एक पद्धत होती : दोन-दोन आकडे, मध्ये थोडे थांबायचे, समोरचा लिहून घेतोय याची खात्री करायची आणि मग पुढची जोडी.

आता तिची मूत्रपिंडे थकली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. खात्याची सात नंबरची व्हॅन तिला आणि तिच्यासारख्या आणखी दोघा-तिघांना घरून उचलून रुग्णालयात नेई. मधल्या दिवसांची भावांनी न बोलता वाटणी केली होती. मंगळवार आणि शनिवार मास्तरांचे, गुरुवार आणि रविवार धाकट्याचे. तिच्या दोन खोल्यांत फळीवर दोन कप होते, एक निळ्या काठाचा, एक बिनकाठाचा. नऊ वर्षांत ते दोन्ही एका वेळी फळीवरून खाली उतरले नव्हते.

"माझं घर म्हणजे रेल्वेचा प्लॅटफॉर्म झालंय," अक्का म्हणे. "एक गाडी गेल्याशिवाय दुसरी येत नाही."

"सिग्नल तोच पाडतो, मी नाही," मास्तर म्हणत.

"तू काय, तो काय! दोघंही लाल दिवे."

तर ही सात नंबरची व्हॅन. तिच्या इंजिनात एक जुना दोष होता. स्टिअरिंग हलके फिरावे म्हणून जो तेलाचा पंप असतो, तो या गाडीत अल्टरनेटरच्या बरोबर वर बसवलेला होता. अल्टरनेटर म्हणजे गाडी चालू असताना बॅटरीला वीज पुरवणारे यंत्र. त्याला श्वास घेण्यासाठी बाजूने फटी असतात, आणि आतला पंखा बाहेरची हवा ओढत असतो. पंपाची परतीची नळी तोंडाशी चिरली होती. तिथून लालसर तेल थेंबथेंब खाली पडे आणि पंखा ते हवेबरोबर आत ओढून घेई. आत कार्बनची भुकटी असतेच. तेल आणि भुकटी मिळून काळा चिखल होई, वीज पुढे पोहोचवणारे कार्बनचे ब्रश आपल्या खाचेत अडकून बसत, आणि एखाद्या दिवशी डॅशबोर्डावर बॅटरीचा लाल दिवा लागे. मग अल्टरनेटर मास्तरांच्या टेबलावर येई. ते तो उघडत, धूत, दिव्याच्या उबेत वाळवत, ब्रश बदलत, तर्जनी फिरवत. अल्टरनेटर कोरडा होऊन परत जाई, आणि गाडीत बसताक्षणी त्याच थेंबाखाली पुन्हा उभा राही.

मास्तरांनी अकरा पत्रके पाठवली. 'स्टिअरिंग पंपाच्या परतीच्या नळीतून गळती. नळी तातडीने बदलावी.' अकराही वेळा उजवीकडून उत्तर आले, 'नळी भांडारात उपलब्ध नाही. तूर्त क्लॅम्प आवळला आहे.' खाली धाकट्याची सही. मास्तर ती सही पाहत आणि कागद उलटा ठेवत.

वास्तविक पिवळ्या रेघेपासून धाकट्याचे टेबल एकोणीस पावलांवर होते. मास्तरांनी ती मोजली होती. चालली नव्हती.

अकराव्यांदा अल्टरनेटर गेला तो नेमका रुग्णालयाच्या दारात. अक्का गाडीत होती. नशिबाने गाडी पोहोचल्यावर बंद पडली. मंगळवारी तिने सहज सांगितले, "तुमचा तो दिवा लाल झाला होता रे काल. ड्रायव्हर घाबरला बिचारा. मी म्हटलं, घाबरू नकोस, माझे दोन भाऊ आहेत तिथे, एक लावेल आणि एक विझवेल."

मास्तरांना हसू आले नाही. गाडी वाटेत थांबली असती तर? एका डायलिसिसची खोट तिच्या अंगाला किती महाग पडते, हे त्यांनी सुजलेल्या पावलांवर बोट दाबून पाहिले होते. बोट काढले तरी खळगा तसाच राही. सात नंबर थांबता कामा नये. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरा विचार उरला नाही.

त्यावर त्यांनी जो उपाय काढला, तो त्यांच्या हाताला शोभेल असाच होता. जुन्या गाडीच्या दारातला ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्यांनी अल्टरनेटरवर एक लहानसे छप्पर बनवले. उतरते, पागोळीसारख्या वाकवलेल्या काठाचे, अल्टरनेटरपासून दोन बोटे उंच, म्हणजे हवा कोंडणार नाही. तो पत्रा त्यांनी आपल्याच भागाच्या ब्रॅकेटला बसवला. धाकट्याच्या एकाही बोल्टाला स्पर्श केला नाही. काठाखाली अरुंद पन्हळ, पन्हळीला बारीक नळी आणि नळीच्या टोकाला पुढच्या बंपरमागे तारेने बांधलेली एक प्लास्टिकची बाटली. थेंब पत्र्यावर पडे, घरंगळे, पन्हळीतून बाटलीत जाई. अल्टरनेटर खडखडीत कोरडा.

अर्थात बाटलीत आलेले तेल पंपाच्या टाकीतूनच आलेले असते, हे मास्तरांना कळत होते. टाकी भरणे हे उजवीकडचे काम. तेल उजवीकडच्या भांडारातून सहीनिशी घ्यायचे. सही कोणाची घ्यायची, हा प्रश्न होता. म्हणून त्यांनी स्वतःच बाजारातून तेलाचा डबा आणला, आणि दर शनिवारी दुपारी, शेड रिकामी असताना, बाटली ओतून टाकी काठोकाठ भरायची, असा नेम सुरू केला. कोणाला सांगितले नाही. चार महिने सात नंबरचा अल्टरनेटर त्यांच्या टेबलावर आला नाही. लाल दिवा लागला नाही. बारावे पत्रक लिहायची वेळच आली नाही.

उपाय इतका उत्तम होता की दोष आहे, हेच सगळे विसरले.

मग दुसऱ्या गावच्या डेपोत नव्या गाड्यांची वायरिंग तपासायला मास्तरांना दोन आठवडे जावे लागले. जाण्याआधीच्या मंगळवारी ते अक्काकडे बसले होते. ती खिडकीशी खुर्चीत, पाय स्टुलावर. निळ्या काठाचा कप मास्तरांच्या हातात.

"जाताना त्याला सांगून जा," ती म्हणाली.

"कोणाला?"

"कोणाला म्हणे! शेजाऱ्याच्या कुत्र्याला. अरे, तुझ्या भावाला."

"त्याला काय सांगायचंय? त्याचं काम तो करतो."

"दादा म्हणवून घेतोस ना? मग थोरलेपणा कधीतरी दाखव की. आयुष्यभर परक्यांच्या लाइनी जोडल्या मी. रात्री-बेरात्री, भांडलेल्या नवराबायकांच्यासुद्धा. घरातली एक जुळेना."

"त्याने लिहिलं, अक्का. मी नाही लिहिलं."

"खोटं लिहिलं का त्याने?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. या प्रश्नाचे उत्तर नऊ वर्षे त्यांच्यापाशी होते. त्या संध्याकाळी घाई होती, टेप जुनी होती, आणि जोडावर तीनऐवजी दीड वेढाच बसला होता. हे त्यांच्या बोटांना माहीत होते. "उशीर होतोय," ते म्हणाले आणि उठले.

सात नंबरच्या ड्रायव्हरला मात्र त्यांनी बाजूला घेतले. ड्रायव्हर चाळिशीचा, सरळ, हुकमाचा ताबेदार. त्याला बंपरमागची बाटली दाखवली. "ही रोज बघायची. भरली की ओतून टाकायची. विसरायचं नाही."

"आणि मास्तर, तेल वगैरे काही—"

"बाटली ओतायची. एवढंच."

टाकी भर, असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते, तर ड्रायव्हर तेल मागायला उजवीकडे गेला असता. धाकट्याने विचारले असते, गळते कुठून, कधीपासून, आणि हा पत्रा कोणी ठोकला. या एका प्रश्नाला तोंड द्यायला नको, म्हणून पंचावन्न वर्षांचा, आपल्या कामात कोणाला हार न जाणारा तो माणूस एक वाक्य गिळून गाडीत बसला. स्वतःची समजूत त्यांनी अशी घातली, की टाकी काठोकाठ भरली आहे, दोन आठवडे सहज निघतील.

पण चिरलेली नळी कोणाच्या दौऱ्याचा हिशेब पाहून चिरत नाही. पहिल्या आठवड्यात ती आणखी फाटली. बाटली रोज भरू लागली, आणि ड्रायव्हर ती इमानेइतबारे रोज ओतू लागला. दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मास्तर, खूशखबर! गळती आपोआप थांबली. काल आणि आज बाटलीत थेंब नाही."

मास्तरांच्या हातातली पकड टेबलावर पडली. "स्टिअरिंग कसं आहे?"

"थोडं जड लागतंय. वळताना कुईकुई करतं. पण मी म्हटलं, गाडी जुनी, हातही जुने."

टाकी रिकामी होती. गळायला काही उरलेच नव्हते. कोरडा पंप फिरत होता. आणि ज्या पट्ट्याने पंप फिरतो त्याच पट्ट्याने अल्टरनेटर फिरतो, इंजिन थंड ठेवणारे पाणीही तोच पट्टा खेळवतो. पंप अडकला तर पट्टा जळणार, आणि पट्टा गेला की सगळेच जाणार. हे मास्तरांना एका श्वासात कळले. उपायही कळत होता. एक फोन. 'सात नंबरची टाकी भरून घे.' पाच शब्द.

ते म्हणाले, "उद्याचा दिवस सांभाळून चालव. परवा शनिवार, मी येतोच आहे."

त्या रात्री ते नीट जेवले, झोपलेही. हे त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केले नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला सात नंबर उड्डाणपुलाच्या चढावर थांबली. आधी किंकाळीसारखा आवाज, मग जळक्या रबराचा वास, मग बॉनेटमधून वाफ. आत चौघे होते : अक्का, एक निवृत्त कारकून, एक दोन मुलांची आई आणि ड्रायव्हर. डायलिसिसची वेळ दहाची. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे नियंत्रण कक्षाला फोन केला. तिकडून विचारणा झाली, की बिघाड विद्युत आहे की यांत्रिक. तो म्हणाला, माहीत नाही, वाफ येतेय. तिकडून सांगण्यात आले, की माहीत करून घ्यावे. कारण त्यांच्या नोंदवहीत दोन रकाने आहेत आणि तिसरा नाही. अर्धा तास यात गेला. एका भल्या माणसाने मोटार थांबवली. तिच्यात दोन जागा होत्या. अक्काने त्या दोघांना ढकलूनच आत बसवले. "तुम्ही व्हा पुढे. माझे भाऊ येतील. माझी वरपर्यंत ओळख आहे," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरकडे वळली. "दोघांनाही बोलाव. एकाला बोलावलंस तर अर्धीच गाडी दुरुस्त होईल."

ड्रायव्हरकडे मास्तरांचा नंबर होता. तो त्याने लावला.

मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. मध्ये एकदाच "हं" म्हणाले. मग म्हणाले, "फोन अक्काकडे दे."

"बोल रे."

"अक्का. त्याचा नंबर काय आहे?"

पलीकडे वाहनांचा आवाज होता. त्यात ती हसली. दम लागल्यामुळे हसू मध्येच तुटले. "नऊ वर्षं, बाबा. नऊ वर्षं मी ही लाइन मोकळी ठेवलीय. जुना नंबर आठवत असेल तुला. तो त्याने केव्हाच बदलला. कागद घे."

"घेतला."

"नव्वद." थांबली. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"सत्तावीस." थांबली. "एकेचाळीस." थांबली. "शून्य सहा." श्वास घेतला. "अठ्ठावन्न. वाचून दाखव."

त्यांनी वाचून दाखवला. आकडे वाकडे आले होते.

"बरोबर. आता लाव. आणि हे बघ, तो उचलल्यावर गप्प बसेल. तू गप्प बसू नकोस. लाइन धरून ठेव."

तो गप्पच बसला. मास्तर म्हणाले, "मी बोलतोय." मग काही क्षण नुसता शेडमधला घणाचा आवाज. मग, "दादा?" एवढेच. तो शब्द मास्तरांनी नऊ वर्षे ऐकला नव्हता. "अक्काची गाडी," ते म्हणाले. "पुलावर. पंप कोरडा पडलाय. चूक माझी आहे, नंतर सांगतो. तू नीघ."

"निघालो," धाकटा म्हणाला. तो निघालाच होता. शब्द धावताना आला.

मास्तर मिळेल त्या वाहनाने दीड तासात पोहोचले. बंद व्हॅनमुळे तुंबलेल्या पुलावरून धाकटाही नुकताच वर पोहोचला होता आणि बॉनेट उघडून उभा होता. केस पांढरे झाले होते त्याचे. रोज एकाच शेडखाली असून मास्तरांनी ते पाहिले नव्हते. अक्का व्हॅनच्या उघड्या दारात बसली होती, चेहरा राखेसारखा, डोळे मात्र लकलकत होते.

"हे कोणी केलं?" धाकट्याने पत्र्याच्या छपराकडे बोट दाखवले.

"मी."

त्याने काठावरून, पन्हळीवरून हात फिरवला. नंतर सवयीने नव्हे, दुसरे काही सुचेना म्हणून त्याने खालच्या अल्टरनेटरवर तर्जनी फिरवून ती उन्हात धरली. "कोरडा आहे," तो म्हणाला. मग आपल्या हत्यारांच्या पिशवीतून त्याने एक नळी बाहेर काढली. नवी, वेष्टन न फोडलेली. "भांडारात नव्हतीच, दादा. बाहेरून मिळवली. चार महिने झाले, ड्रॉवरमध्ये ठेवलीय. म्हटलं, या वेळी अल्टरनेटर गेला, तुझं पत्रक आलं, की उत्तर लिहायचं नाही. नळी घेऊन आपणच रेघेपलीकडे जायचं." तो थांबला. "पत्रक आलंच नाही. मला वाटलं, तुला आता मला लिहायचीसुद्धा इच्छा उरली नाही."

मास्तरांनी नळी हातात घेतली. त्यांच्या त्या सुबक पत्र्याने काय काय अडवले होते, ते आता त्यांना दिसत होते.

"भांडून झालं असेल तर मला कोणी पाणी देईल का?" दारातून अक्का म्हणाली. "घोटभरच. जास्त चालत नाही मला."

दोघे तिला घेऊन रुग्णालयात पोहोचले, पण तिचे यंत्र साडेदहालाच दुसऱ्याला दिले गेले होते. खिडकीतल्या बाईने वहीवरून नजर न उचलता 'उद्या सकाळी आठ' असे सांगितले. धाकट्याने आवाज चढवला, मास्तरांनी हात जोडले. वहीत जागा झाली नाही. शुक्रवार चुकलेल्या माणसाचा शनिवार कसा उजाडतो, याचा रकाना त्या वहीतही नव्हता.

दोघांनी तिला घरी आणले. तिने दोघांना बसवले आणि फळीकडे बोट दाखवले. धाकट्याने दोन्ही कप उतरवले. "आज प्लॅटफॉर्मवर दोन गाड्या," ती म्हणाली. "अपघात करू नका म्हणजे झालं." तिला धाप लागत होती, तरी ती बोलत होती, कोणाच्या शाळेची फी भरायला ती कोणत्या उन्हात गेली होती ते नव्हे, तर धाकट्याने लहानपणी मास्तरांच्या बुटात पाणी ओतले होते ते, आणि मास्तर ते बूट घालून तसेच शाळेत गेले होते ते. "तेव्हापासून हा सगळं कोरडं करत सुटलाय," ती म्हणाली. धाकटा हसला. मास्तरही हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिघे एका वेळी हसले, आणि ते शेवटचेच ठरले.

शनिवारी सकाळी सातला धाकटा आपली मोटार घेऊन आला. मास्तर रात्री तिथेच राहिले होते. अक्का खुर्चीच्या कडेवर बसून चप्पल घालत होती. एक पाय घालून झाला होता. दुसऱ्यासाठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मास्तरांनी तिला उचलले. मोटारीत मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसले. धाकटा गाडी चालवत होता, आणि आरशातून एकसारखा विचारत होता, "दादा, आहे ना? दादा, आहे ना?" मास्तर "आहे" म्हणत होते. रुग्णालयाच्या आधीच्या चौकात त्यांनी उत्तर देणे थांबवले. धाकट्यानेही मग विचारले नाही. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जरा वेळ तिथेच उभी राहिली.

डॉक्टरांनी लिहिले, हृदयक्रिया बंद पडल्याने. एक डायलिसिस चुकल्यानेच असे झाले असे म्हणता येत नाही, असे ते म्हणाले. नाही असेही म्हणता येत नाही, असेही म्हणाले.

दहा दिवसांनी डेपोत सात नंबरच्या बिघाडाचे पत्रक भरायचे होते. यांत्रिक विभागाचे मत लेखी मागवण्यात आले होते. धाकटा कागद घेऊन रेघ ओलांडून आला आणि मास्तरांच्या टेबलासमोर बसला. पेन उघडले, मिटले.

"लिही," मास्तर म्हणाले.

"काय लिहू?"

"खरं ते लिही. विद्युत विभागाने पत्रा लावून गळती झाकली, टाकी रिकामी असल्याचं कळूनही कळवलं नाही. मला आदल्या दिवशी कळलं होतं." मग, टेबलावरच्या चिंधीने हात पुसत, खाली पाहून, "त्या वेळीही तू खरंच लिहिलं होतंस. दीड वेढा होता टेपचा."

'दोष कोणत्या विभागाचा' या रकान्यात मास्तरांनी स्वतःच 'विद्युत' असे लिहिले. धाकट्याने त्यांच्या हातातून पेन घेतले आणि पुढे, जागा नसल्याने समासात, 'आणि यांत्रिक' असे लिहिले. खाली कारणही : 'नळी चार महिने माझ्या ड्रॉवरमध्ये होती.' दोघांनी सह्या केल्या. एका कागदावर, एकाखाली एक.

चौथ्या दिवशी पत्रक परत आले. वर शेरा होता, 'एकाच विभागाचे नाव नमूद करून फेरसादर करावे.'

ते अजून फेरसादर झालेले नाही. तीन स्मरणपत्रे आली आहेत. पत्रक धाकट्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, नळीच्या रिकाम्या वेष्टनाखाली.

मंगळवारी मास्तरांना कुठे जायचे नसते. गुरुवारी धाकट्याला नसते. कधी मास्तर त्याला फोन लावतात. काम असे काही नसते. मोबाइलमध्ये नंबर साठवून ठेवायला मुलीने किती वेळा सांगितले, स्वतः साठवून द्यायला निघाली, पण ते देत नाहीत. ते एकेक आकडा दाबतात. नव्वद, थांबतात. सत्तावीस, थांबतात. एकेचाळीस. शून्य सहा. तिथे ते सर्वांत जास्त वेळ थांबतात, कारण तिने तिथे श्वास घेतला होता.